धाकट्या भावाला नोकरी सोडून जिउ-जित्सूची अकॅडमी काढायची आहे, काय करावं?

कासारवडवलीची_ताई:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहायची वेळ आलीय कारण घरात रोज जेवताना एकच विषय निघतो आणि शेवटी आईच्या डोळ्यात पाणी आणि भाऊ ताट उचलून आत. भाऊ ३१ चा, ऐरोलीला आयटीत आहे, पगार चांगला. कॉलेजपासून ब्राझिलियन जिउ-जित्सू (ज्युदो-कुस्तीसारखी झटापट) शिकतोय, आता तपकिरी पट्टा आहे आणि त्याचे सर म्हणालेत की वर्षभरात काळा मिळू शकेल. ऑफिस सुटल्यावर सरांकडे लहान मुलांची बॅच घेतोच. आता म्हणतो काळा पट्टा मिळाला की राजीनामा देणार आणि घोडबंदर रोडला जागा भाड्याने घेऊन स्वतःची अकॅडमी काढणार. जागाही बघून ठेवलीय मानपाड्याच्या बाजूला, तळमजला, आधी तिथे टाइल्सचं दुकान होतं.

आईचं म्हणणं, लोकांची पोरं लोळवायला इंजिनियर केलं का तुला. बाबा फारसं बोलत नाहीत, 'लग्नाचं बघा आधी' एवढंच. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. एकदा बघायला गेले होते तर दोन बाप्ये एकमेकांच्या तंगड्यांत अडकून पडलेले आणि बाकीचे शांतपणे बघतायत, मला वाटलं कुणाला तरी लागलंय आणि कुणी उचलत कसं नाही.

तर प्रश्न असा की ह्या काळा पट्टावाल्या शिक्षकांचं आयुष्य प्रत्यक्षात असतं कसं? पोट भरतं का? पन्नाशीत काय करतात हे लोक? कृपया 'त्याला त्याचं पॅशन जगू द्या' नको, तेवढं त्याच्या मित्रांनी सांगून झालंय.

तलावपाळी:
टाइल्सच्या दुकानात मॅट येणार म्हणजे आपटणाऱ्यांची सोयच झाली की. (हलकं घ्या ताई.) पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पैलवान_कळवा:
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मी मूळचा सातारकडचा, तालमीत वाढलोय, वडील गावच्या तालमीचे वस्ताद होते. हे जे काय जिउ-जित्सू म्हणतात ते आपल्या कुस्तीतलंच आहे, फक्त लंगोटाऐवजी जाडजूड झगा आणि महिन्याला हजारांत फी. पट आहे, ढाक आहे, कलाजंग आहे, सगळे डाव बघितलेत मी यूट्यूबवर. वडिलांनी कधी पोरांकडून एक रुपया घेतला नाही, गुरुपौर्णिमेला नारळ आणि टॉवेल. वस्तादकीचा धंदा होत नसतो. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणून दिलं, त्या माणसाच्या वाट्याला काय आलं ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. भावाला सांगा, नोकरी धरून ठेव.

गार्डमध्ये_गारद:
पैलवान दादा, आदर ठेवून असहमत. कुस्तीत पाठ टेकली की चितपट, विषय संपला. इथे पाठ टेकली की खेळ सुरू होतो. ताईंनी जे तंगड्यांत अडकलेले बघितले ना त्याला गार्ड म्हणतात, खालचा हरलेला नसतो, तो पायांनी वरच्याला धरून ठेवतो आणि तिथून गळा घेतो नाहीतर कोपर नाहीतर उलथवून स्वतः वर येतो. उलथवलं म्हणजे स्वीप, त्याचे २ गुण, गार्ड ओलांडून बाजूला गेलात तर ३, छातीवर बसलात किंवा पाठ घेतलीत तर ४, आणि समोरच्याने हाताने थोपटून टॅप केलं, म्हणजे हार मानली, की गुणबिण सगळे गेले खड्ड्यात, मॅच तिथेच संपली.

आमच्याकडे खारघरला एक कुस्तीवाला आला होता. पहिल्या दिवशी सगळ्यांना आपटलं आणि प्रत्येक वेळी आपटता आपटता स्वतःची मान समोरच्याच्या काखेत नेऊन ठेवली. गिलोटिन, म्हणजे काखेत मान धरून गळा आवळायचा डाव! कुस्तीत गळा आवळत नाहीत ना, त्यामुळे मान जपायची सवयच नाही. थोड्या महिन्यांनी तोच आमचा सगळ्यांचा बाप झाला ही गोष्ट वेगळी, आता त्याच्याशी कुणी रोल (सरावाची लढत) करायला तयार नसतं.

पैलवान_कळवा:
म्हणजे शेवटी कुस्तीवालाच बाप झाला. धन्यवाद. :)

इतिहासात_रमणारा:
पैलवान, तुमच्या आणि त्यांच्या दोन्ही बाजू थोड्या थोड्या बरोबर आहेत. जिगोरो कानोने १८८२ मध्ये जपानात कोदोकान नावाची शाळा काढली, ज्युदो तिथला. त्याच कोदोकानचा मित्सुयो माएदा देशोदेशी पैज लावून लढत १९१४ ला ब्राझीलला पोचला आणि बेलेमला कार्लोस ग्रेसी नावाच्या पोराला शिकवलं. कार्लोसने १९२५ ला रिओत स्वतःची अकॅडमी काढली आणि धाकटा भाऊ हेलिओ, जो अंगाने किरकोळ होता, त्याने जमिनीवरचा भाग घासून घासून वेगळाच करून टाकला. म्हणजे काळा पट्टा आहे पण पोट कसं भरायचं हा प्रश्न माएदापासूनचा आहे, ताईंच्या भावाचा एकट्याचा नाही.

आणि वस्तादांच्या फीवरून आठवलं. रिओतली ग्रेसी अकॅडमी शहराच्या मध्यवस्तीत, पैसेवाल्या लोकांना खाजगी शिकवण्या, एकदम ऐटीत. त्याच काळात ओस्वाल्दो फाद्दा नावाचा दुसरा शिक्षक, माएदाच्याच शिष्यपरंपरेतला पण ग्रेसींच्या बाहेरचा, तो रिओच्या उपनगरात गरिबांच्या पोरांना शिकवायचा, कधी समुद्रकिनाऱ्यावर तर कधी मैदानात. त्याची पोरं पायाचे लॉक (सांधा पिरगाळून अडकवायचे डाव) लावायची म्हणून बडे लोक नाक मुरडायचे, उपनगरातले डाव म्हणायचे. पुढे ह्याच पोरांनी ग्रेसी अकॅडमीच्या लोकांना त्याच लॉकांनी हरवलं. तर तुमचे वडील फाद्दाच्या पंथातले आणि घोडबंदरची अकॅडमी ग्रेसींच्या पंथातली, दोन्ही चालतात, पण भाडं फक्त दुसरीला भरावं लागतं.

अवांतर: टागोरांनी १९२९ मध्ये शांतिनिकेतनात ताकागाकी नावाच्या जपानी ज्युदो शिक्षकाला बोलावून घेतलं होतं. तेव्हा हे सगळं आपल्याकडे अगदीच काल आलेलं नाही.

शंका_बॉक्स:
पण काळा पट्टा तर कुठेही मिळतो ना? माझ्या पुतण्याला कराटेत दोन वर्षांत मिळाला, सातवीत आहे आणि झुरळाला घाबरतो.

काळापट्टा_नेरुळ:
ताई, हा धागा मला माझ्याच विद्यार्थ्यांनी पाठवला म्हणून लिहितोय. नवी मुंबईत माझी छोटी अकॅडमी आहे, नाव सांगत नाही, उगाच जाहिरात वाटेल.

आधी शंका_बॉक्स यांचं. जिउ-जित्सूत मोठ्यांचे पट्टे पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा. आयबीजेजेएफ म्हणजे त्यांची सगळ्यात मोठी आंतरराष्ट्रीय संघटना, तिच्या नियमाने मोठ्या माणसाला निळ्यावर किमान २ वर्षं, जांभळ्यावर दीड, तपकिरीवर १, आणि काळ्यासाठी वय १९ पूर्ण हवं. हे किमान झालं, नोकरीधंदा सांभाळून शिकणाऱ्याला दहा वर्षं सहज लागतात. अपवाद असतात, हवाईचा बीजे पेन चार वर्षांच्या आत काळ्यावर पोचला, पण तो २००० साली काळ्या पट्ट्यात जगज्जेता झाला, ब्राझीलबाहेरचा पहिला. तुमचा पुतण्या झाला तर त्यालाही देऊ.

आता मूळ प्रश्न, आयुष्य कसं असतं. साडेसहाला ऑफिसवाल्यांची बॅच. ती संपली की मॅट पुसायची, रोज, जंतुनाशक टाकून, काळा पट्टा असलेल्याच माणसाने, कारण सकाळी सातशे रुपयांत येणारी बाई कुठे मिळते सांगा. दुपार रिकामी, त्यात एखाद दुसरं पर्सनल ट्रेनिंग पामबीच रोडच्या टॉवरमध्ये, ज्यांना जिममध्ये लोकांसमोर घाम गाळायला लाज वाटते असे डायरेक्टर लोक. साडेचारपासून मुलांच्या दोन बॅच. साडेसातपासून मोठ्यांच्या. घरी पोचायला साडेदहा, शनिवारी ओपन मॅट म्हणजे खुला सराव, रविवारी कुणाची तरी स्पर्धा, कधी पुण्याला कधी त्याहून लांब, आणि तिथे दिवसभर ओरडून घसा बसलेला.

मी कॉलेजात असताना इथे कुणी काळा पट्टा नव्हता. आम्ही चार पोरं एका सोसायटीच्या हॉलमध्ये गाद्या टाकून व्हिडिओ बघून करायचो, एक जण लॅपटॉपवर थांबव-मागे-घे करायचा आणि दोघे एकमेकांचा हात पिरगाळायचे. १९९३ च्या पहिल्या यूएफसीत (वेगवेगळ्या कलांतले लोक एकमेकांशी लढतात ती स्पर्धा) रॉयस ग्रेसी, ऐंशी किलोच्या आसपासचा सडपातळ माणूस, एका रात्रीत तिघांना टॅप करायला लावतो हे बघूनच सगळे वेडे झालेलो. पहिल्या मॅचमध्ये समोरचा बॉक्सर एका हातात ग्लोव्ह घालून आला होता, एकाच! नंतर सुट्टी जमवून थायलंड, बाली असं करत करत पट्टे मिळवले. एका पट्ट्याला किती विमानाची तिकिटं लागली ते घरी अजून सांगितलेलं नाही.

पण भावाला एक सांगा, काळा पट्टा हा करिअरचा मुद्दाच नाही. ज्या दिवशी मिळतो त्या दिवशी हार, फोटो, इन्स्टावर तीनशे अभिनंदन. दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूमचा पाइप तुंबलेला असतो. पोट भरतं पांढऱ्या पट्ट्यांवर आणि लहान मुलांवर. निळा मिळाला की अर्धे लोक गायब होतात, जगभर हेच आहे. मग जो माणूस आजच आलाय, ज्याला साधी पुढे कोलांटी येत नाही, ज्याची ढेरी मध्ये येतेय, त्याला पुढच्या मंगळवारी परत यावंसं वाटलं पाहिजे हे तुमचं काम. भावाला उडता आर्मबार (उडी मारून कोपर ताणायचा डाव) येतो का ते मला नका सांगू. त्याला नव्या माणसांची नावं लक्षात राहतात का ते सांगा.

दुसरं म्हणजे जोड्या लावणं. पंचावन्न किलोच्या मुलीला कुणाबरोबर द्यायचं, नव्वद किलोचा नवखा उत्साही बैल कुणाच्या ताब्यात द्यायचा, दोन महिन्यांपूर्वी गुडघा दुखावलेल्याला आज कुणापासून लांब ठेवायचं, हे दर पाच मिनिटांनी ठरवावं लागतं. डाव यूट्यूबवर फुकट आहेत, लोक फी ह्या जोड्यांची देतात.

पन्नाशीचं नंतर लिहितो, मुलांची बॅच आली.

घोडबंदरवासी:
मानपाड्याला अकॅडमी म्हणजे सातची बॅच पावणेआठला सुरू होणार. वॉर्मअप सगळ्यांचा ट्रॅफिकमध्येच झालेला असेल.

सीए_वाशी:
भावनिक बाजू इतरांवर सोडतो, मी आकडे मांडतो. माझे दोन-तीन क्लायंट जिम-योगा स्टुडिओवाले आहेत त्यावरून. हे उदाहरण समजा, कुणाचे खरे आकडे नाहीत.

जागा १२०० चौ. फूट, भाडं ८० रुपये फुटाने धरलं तर ९६ हजार. विद्यार्थी ६०, फी ३५००. महिन्याला २ लाख १० हजार, वर्षाला २५ लाख २० हजार. ऐकायला मस्त. पण सेवेची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी आणि कर, तो १८ टक्के धरा. फी वाढवायची हिंमत नसेल तर ते ३५०० मधूनच जाणार, म्हणजे महिन्याला साधारण ३२ हजार. उरले १ लाख ७८. भाडं वजा केलं की ८२ हजार. लाइट, पाणी, सफाई, एक हाताखालचा कोच, मॅटची झीज हे ३५ हजार धरा. हातात ४७. आणि ह्यात ६० विद्यार्थी पहिल्या दिवसापासून आहेत असं आपण गृहीत धरलंय, डिपॉझिटचं व्याज धरलेलं नाही, मार्चात परीक्षा आणि मे महिन्यात पोरं गावाला हेही धरलेलं नाही. ऐरोलीच्या पगाराशी तुलना ताईंनी करावी.

तलावपाळी:
सीए साहेब, तुम्ही टॅप करायला वेळही न देता गळा आवळता.

नऊ_वर्षांच्याची_आई:
मला पालक म्हणून लिहायचंय. माझा मुलगा फार बुजरा, शाळेत कुणी डबा घेतला तरी गप्प बसायचा. आधी जिथे घातला तिथले सर सतत ओरडायचे, हरलं की सगळ्यांसमोर दंड, महिन्याभरात काढला. आता जिथे जातो तिथले सर पहिला तास तर त्याला मॅटच्या कडेलाच बसू देत होते, ये म्हणाले नाहीत, मग तो आपणहून उतरला. हल्ली राखाडी पट्टा आहे (मुलांचे वेगळे असतात, राखाडी, पिवळा, नारिंगी, हिरवा, हे मला आता पाठ आहे) आणि घरी बाबाला धरून 'टॅप कर, टॅप कर' चालतं. मारामारी शिकेल अशी भीती होती, झालं उलटंच, 'टॅप केलं की लगेच सोडायचं' हे त्याच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की बहिणीचे केसही एका हाकेत सोडतो. मी फी बिनतक्रार भरते आणि ती पट्ट्याच्या रंगासाठी भरत नाही.

त्याचीच_बायको:
माझे मिस्टर हेच करतात, ठाण्यातच. वरचं सगळं खरं आहे, घरची बाजू कुणीच सांगितली नाही म्हणून सांगते.

लोक संध्याकाळी मोकळे होतात तेव्हा ह्यांचं काम सुरू होतं. म्हणजे हळदीकुंकू, वाढदिवस, मुनीची पीटीए, गडकरीला नाटक, सगळीकडे मी एकटी. लग्नांना आम्ही जेवणाच्या पंगतीला पोचतो, तेही हे केस ओले घेऊन. माझी बँकेची नोकरी आहे म्हणून घर हलत नाही, हप्ता माझ्या पगारातून जातो आणि ह्यांचे पैसे कधी चांगले येतात कधी नाही. लॉकडाऊनमध्ये तर एकमेकांना चिकटून करायचा धंदा, सगळ्यात आधी बंद सगळ्यात शेवटी सुरू. व्हिडिओ कॉलवर उशीला आर्मबार लावायला शिकवत होते, मी हसू की रडू.

आणि पावसाळा! गी म्हणतात तो कपडा सतरंजीसारखा जाड, पिळायला दोन माणसं लागतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये तो वाळतच नाही. आमच्या हॉलमध्ये पंख्याखाली दोरी बांधून तीन-तीन गी लटकलेले असतात, पाहुणे वाकून येतात. तुमच्या आईंना सांगा, सुनेला हे आधी दाखवा, मग लग्न ठरवा.

तरी एक सांगते, नोकरीत असताना हा माणूस रविवार संध्याकाळपासून चिडचिड करायचा. ते गेलं.

त्वचेचा_डॉक्टर:
ओल्या गीवरून राहवलं नाही. माझ्याकडे ह्या मंडळींची रांग असते, दाद म्हणजेच गजकर्ण, मॅटवर घासून झालेल्या जखमा पिकलेल्या. एक कळकळीची विनंती, मेडिकलमधून ती तीन औषधं एकत्र केलेली स्टिरॉइडची ट्यूब आणून लावू नका. दोन दिवस खाज थांबते आणि मग दाद चिवट होऊन पसरते, आपल्याकडे ही समस्या आधीच मोठी आहे. आणि शिक्षकाची जबाबदारी ही की अंगावर गोल चट्टा दिसला की त्या माणसाला मॅटवर घेऊ नये, फी भरलेली असली तरी. भाऊ हे करू शकेल का? साठ विद्यार्थ्यांतला एक घरी पाठवायला धैर्य लागतं, विशेषतः सीए साहेबांचा हिशेब वाचल्यावर.

कानफाट्या:
कानाचं कुणी बोललंच नाही. मला दोन्ही कान असे आहेत, फुगून कडक झालेले. कानाच्या कूर्चेवर रक्त साठतं, वेळेत काढलं नाही की तसंच घट्ट होऊन बसतं. मुलगी बघायला गेलो डोंबिवलीला तर तिच्या मामाने आधी विचारलं 'लहानपणी भाजलं का हो?' मी म्हटलं नाही, छंद आहे. चहा अर्धाच मिळाला.

पैलवान_कळवा:
आमच्याकडे फुटलेला कान बघून मुलगी देतात. डोंबिवलीला कशाला गेला.

कानफाट्या:
दादा, साताऱ्याला कुणी असेल तर कळवा, सीरियसली.

निळ्या_पट्ट्याची_मुलगी:
ह्या धाग्यात सगळे भावाच्या बाजूने किंवा आईच्या बाजूने बोलतायत, मी शिकणाऱ्या बाईच्या बाजूने बोलते. पहिल्यांदा गेले तेव्हा वर्गात मी एकटीच, आणि हा खेळ असा आहे की अनोळखी माणूस अंगावर बसणार. अशा ठिकाणी शिक्षक कसा आहे यावर सगळं असतं. आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं की कुणाशीही रोल करायला नाही म्हणायचा तुला हक्क आहे आणि कारण द्यायचं नाही. आधीच्या एका ठिकाणी एक सीनियर मुद्दाम जोर लावायचा, मी तक्रार केली तर 'टफ हो' असं उत्तर मिळालं, दुसऱ्या दिवसापासून गेले नाही, आणि माझ्या मागून आणखी दोघी गेल्या. काळा पट्टा त्याच्याही कमरेला होता. ताई, भावाच्या बॅचमध्ये मुली टिकतात का ते विचारा, फार काही कळेल.

नऊ_वर्षांच्याची_आई:
+१. अगदी हेच.

शंका_बॉक्स:
बरं मग खरा काळा पट्टा ओळखायचा कसा? पुतण्याचा विषय सोडा.

गार्डमध्ये_गारद:
विचारायचं, तुम्हाला कुणी दिला? आणि त्यांना कुणी दिला? ही परंपरा माएदापर्यंत नाव घेत सांगता येते आणि खरा माणूस आनंदाने सांगतो, थांबवावं लागतं. खोटा असेल तर विषय बदलतो किंवा स्वतःच्या नावाची संघटना काढलेली असते. शिवाय दुसऱ्या अकॅडमीतला जांभळा पट्टा पाहुणा म्हणून आला की दोन मिनिटांत कळतं. खोट्याचा नेमका त्याच दिवशी खांदा दुखत असतो.

काळापट्टा_नेरुळ:
आलो. पन्नाशीचं.

काळ्यावरही डिग्री असतात. पहिल्या तीन डिग्रींना तीन-तीन वर्षं, पुढच्या तीनला पाच-पाच, मग सात वर्षांनी सातवी, तिचा पट्टा लाल-काळा. म्हणजे काळा मिळाल्यापासून किमान ३१ वर्षं. १९ व्या वर्षी काळा मिळालेला माणूससुद्धा पन्नाशीत तिथे पोचतो, आणि पूर्ण लाल पट्टा ६७ च्या आधी नाहीच. ह्या खेळाने म्हातारपणाची जागा आधीच काढून ठेवलेली आहे. हेलिओ ग्रेसी नव्वदी ओलांडून गेल्यावरही मॅटवर दिसायचा.

पण शरीर. माझी बोटं सकाळी शर्टाची बटणं लावायला तयार नसतात. मान एका बाजूला कमी वळते, रिक्षात मागे बघायचं तर आख्खा फिरतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा कित्येक महिने खुर्चीत बसून शिकवलं, आणि तेव्हा मला कळलं की मी चांगलं शिकवतो, कारण दाखवता येत नव्हतं, बोलूनच सांगावं लागत होतं. १९५१ ला रिओच्या माराकाना स्टेडियमात किमुरा नावाच्या जपानी ज्युदोवाल्याने हेलिओचा कोपर मोडला तरी त्याने टॅप केलं नाही, कोपऱ्यातून भावाने टॉवेल टाकला. तो डाव आज किमुराच्याच नावाने शिकवतात आणि लोक ती गोष्ट छाती फुगवून सांगतात. मी पोरांना सांगतो, तुम्ही टॅप करा, सोमवारी ऑफिस आहे. शिक्षकाने तर सगळ्यात आधी टॅप करावं, विद्यार्थ्यालासुद्धा. ज्याला विद्यार्थ्यासमोर टॅप करायची लाज वाटते तो चाळिशीपर्यंत मोडतो.

बाहेरची वाट म्हणाल तर अबुधाबीत २००८ पासून शाळांमध्ये हा विषय आहे आणि कोच बाहेरून घेतात, पण जास्त करून ब्राझीलचे. आशियाई खेळांत २०१८ ला जकार्ताला पहिल्यांदा आला, ऑलिंपिकमध्ये अजून नाही. त्यामुळे सरकारी नोकरीची वगैरे आशा ठेवू नये.

आणि सीए साहेबांचा हिशेब जवळपास बरोबर आहे, फक्त माझ्याकडे साठ व्हायला फार वेळ लागला. पहिला पावसाळा तर आठ-दहा डोकी आणि गळणारं छत.

कासारवडवलीची_ताई:
बापरे, एवढे प्रतिसाद! सगळे वाचले, रात्री भावाला मोठ्याने वाचून दाखवले. सीएंच्या हिशेबाला गप्प झाला, मग म्हणाला ६० नाही मी ४० धरलेत आणि त्यावर दोन वर्षं घरात एक रुपया आणायचा नाही असं धरून पैसे साठवलेत, एक्सेल आहे. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं! नावांचं विचारलं तर बॅचमधल्या सगळ्या पोरांची नावं, कुणाचा दात पडलाय, कुणाच्या आजीचं ऑपरेशन आहे, सगळं सांगितलं. मुलींचं विचारलं तर मोठ्यांच्या बॅचमध्ये पाच आहेत, त्यातल्या दोघी त्याच्यापेक्षा जुन्या. आई म्हणाली 'बघू बघू, कोण आहेत त्या?' तर तिचा विषय आता वेगळ्याच दिशेला गेलाय.

बाबांनी एकच प्रश्न विचारला, तुझ्या सरांचं काय म्हणणं? तेव्हा तो जरा अडखळला. सरांना अजून सांगितलेलंच नाही. सरांची अकॅडमी मानपाड्यापासून फार लांब नाही.

काळापट्टा_नेरुळ:
ताई, खरी गाठ ही आहे, बाकी सगळं सुटतं. आधी सरांना सांगायचं, जागेचं टोकन देण्याआधी. माझ्याकडून एक जण असा गेला, मला इन्स्टावर कळलं, सोबत पंधरा विद्यार्थी. आजही आम्ही स्पर्धेत समोरासमोर आलो की दोघंही मोबाइल बघतो. आणि व्यवहाराची बाजूही आहे, भावाकडे काळा आला तरी त्याच्या विद्यार्थ्यांना पुढे पट्टे देताना त्याच्या डोक्यावर कुणीतरी लागेल, आयबीजेजेएफच्या हिशेबाने दुसऱ्याला काळा द्यायला स्वतःचा काळा किमान दुसऱ्या डिग्रीचा लागतो, म्हणजे सहा वर्षं तरी सरांचं नाव भिंतीवर हवंच. बऱ्याचदा सर शाखा म्हणून उघडू देतात, अंतर ठरवून, थोडा वाटा ठरवून.

आणि नोकरी लगेच सोडू नये असं माझं मत. सरांकडेच सकाळची बॅच स्वतःच्या हिमतीवर सुरू करून वर्षभर चालवावी. सहा वाजता, जानेवारीत आणि जुलैतसुद्धा, दोन डोकी असली तरी. त्यात टिकला तर मानपाडा कुठे पळून जात नाही.

त्याचीच_बायको:
सकाळच्या बॅचला +१. आणि घरी ड्रायर घ्या.

पैलवान_कळवा:
सरांना आधी सांगायचं हे मात्र पटलं. गुरूला चोरून आखाडा उघडायचा नसतो, कुठल्याही खेळात. मी भावाच्या विरोधात नव्हतो ताई, फी घेण्याच्या विरोधात होतो, आणि भाडं ऐकल्यावर तेही राहिलं नाही. अवांतर, नेरुळवाले सर, तुमच्याकडे शनिवारचं ते ओपन मॅट असतं त्याला बाहेरच्यांना चालतं का? वय ५२. गळा सोडून बाकी सगळं येतं.

काळापट्टा_नेरुळ:
दादा, या की. चार वाजता. नखं कापून या, आणि मान काखेत ठेवू नका. बाकी खाजगी निरोपात कळवतो.

कासारवडवलीची_ताई:
भाऊ उद्या सरांशी बोलणार आहे, बाबाही सोबत जाणार म्हणतायत, रविवारी मुलांची बॅचही बघणार. जागामालक मात्र घाई करतोय, ५ वर्षांचा करार आणि ३ वर्षं लॉक-इन म्हणतोय, नाहीतर दुसऱ्याला देईन. सीए साहेब, हे असं असतं का?

सीए_वाशी:
कमर्शियलला लॉक-इन असतं, पण ते दोन्ही बाजूंनी आहे की फक्त भावाच्या बाजूने ते आधी वाचा. बऱ्याच करारांत मालक दोन महिन्यांच्या नोटिशीवर काढू शकतो आणि भाडेकरू मात्र तीन वर्षं अडकतो. लॉक-इन १२ महिन्यांवर आणा, मॅट आणि बाथरूमच्या कामासाठी दोन महिने बिनभाड्याचे मागा, आणि सोसायटीची ना हरकत लेखी घ्या, वरच्या मजल्यावर रहिवासी असतील तर धपधप आवाजावरून तक्रार होणारच. घाई करणाऱ्या मालकाला म्हणावं, दे दुसऱ्याला. टाइल्सवाला का गेला तेही विचारून घ्या.